पितृप्रेम आणि प्रभुप्रेम : नारायण वामन टिळकांचें घर

ख्रिस्ती उपासनेंत देवाला पहिली हांक मारली जाते ती पिता म्हणून. ठाण्याच्या मासुंदा तलावाकांठचें जुनें चर्च असो, कीं कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या चाळींतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड असो, प्रभूनें शिकविलेली प्रार्थना सुरू होते ती याच संबोधनानें. ही हांक सोपी कीं अवघड, हें मात्र पुष्कळ अंशीं हांक मारणाराच्या घरावर अवलंबून असतें. ज्याला बापानें लहानपणीं खांद्यावर घेऊन जत्रा दाखविली, त्याच्या तोंडीं हा शब्द सहज येतो. ज्यानें बापाच्या पावलांचा आवाज ऐकतांच कोपरा धरला, त्यानें तो शब्द कोणत्या तोंडानें उच्चारावा? धर्मोपदेशक या प्रश्नाला बहुधा बगल देतात. मराठी ख्रिस्ती इतिहासांत मात्र असें एक घराणें आहे कीं ज्यानें या प्रश्नाचें उत्तर उपदेशानें न देतां तीन पिढ्यांच्या जगण्यानें दिलें.

ठाणें-कल्याण हा टापू ख्रिस्ती धर्माला नवखा नाहीं. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती मंडळी व इराणांतून नेमून आलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे, आणि तें गांव म्हणजे आपलें कल्याणच, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु आपल्या श्रद्धेपायीं मारले गेले. या मोठ्या साक्षींपुढें कल्याणच्या शाळेंत जाणाऱ्या एका ब्राह्मण मुलाची कथा अगदींच घरगुती वाटेल. पण बापपणाचा विचार करावयाचा तर रणांगण सोडून घरांतच शिरावें लागतें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. त्यांचें प्राथमिक शिक्षण कल्याणास, सुमारें १८६९ ते १८७३ या काळांत झालें. आगगाडी तेथें येऊन तेव्हां पुरतीं वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. आई जानकीबाई मायाळू होती. वडील वामनराव अत्यंत तापट व कठोर. घरांतील बायकामाणसांना त्यांचा धाक असे, आणि मुलांनाहि त्या धाकाचा वांटा मिळे. आई बाळपणींच गेली, आणि घर म्हणून जें कांहीं होतें तें तिच्याबरोबरच गेलें. मुलगा घर सोडून नाशिकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत काव्य शिकला. बापाच्या घरांत जें मिळालें नाहीं, तें थोडेंफार गुरूच्या घरांत मिळालें असावें.

पुढें ज्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला, तिचेंहि माहेर कांहीं निराळ्या मासल्याचें नव्हतें. नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले हे तिचे वडील. त्यांना सोंवळ्याचें असें वेड लागलें होतें कीं घरांत येणारी वस्तु न् वस्तु पाण्यांतून निघाल्याखेरीज शुद्ध होत नसे, आणि त्या शुद्धीपायीं सारें घर हैराण होई. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या आत्मचरित्रांत हें सर्व सांगितलें आहे, पण सांगतांना त्या हंसतात. सासऱ्यांच्या कडकपणाची हकीकतहि त्याच ग्रंथांत आहे. कोठेंहि किंकाळी नाहीं, आणि कोठेंहि झांकपाक नाहीं. मराठींत ज्या थोड्या पुस्तकांनीं बाप या माणसाकडे भीति आणि भक्ति बाजूस ठेवून पाहिलें, त्यांत या पुस्तकाचा क्रम फार वरचा आहे.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका मिशनऱ्याची व टिळकांची गांठ पडली. त्यानें त्यांच्या हातीं बायबल दिलें आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. टिळकांनीं ग्रंथ वाचावयास घेतला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरच्या प्रवचनापाशीं त्यांचें मन खिळून राहिलें. हे तीन अध्याय ज्यानें नीट वाचले असतील, त्याच्या ध्यानांत येईल कीं त्यांत देवाचा राजा किंवा न्यायाधीश म्हणून जेवढा उल्लेख आहे, त्याहून कितीतरी पट पिता म्हणून आहे. हा पिता वाईटांच्या अंगणांतहि सूर्य उगवतो. पांखरांच्या चाऱ्याची काळजी करतो. भाकर मागणाऱ्या पोराच्या हातावर धोंडा ठेवीत नाहीं. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें ही कांहीं नवी प्रमाणें नव्हत. पण ज्याला लहानपणीं धोंड्याचाच अनुभव अधिक, त्याला तीं कशीं वाटलीं असतील, याचा अंदाज बांधणें कठीण नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा प्रवचनाला सोयीची आहे. यापुढील भाग तसा नाहीं.

बाप्तिस्म्याची वार्ता टिळकांनीं पत्नीला आधीं सांगितली नव्हती. त्या वेळीं पुत्र देवदत्त, घरचा दत्तू, जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. त्याच्या आधींचीं अपत्यें त्या माउलीच्या हातीं लागलीं नव्हतीं. अशा स्थितींत नवरा जिवंत असून संसार मोडला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. कांहीं काळ त्या पंढरपुरास होत्या. ज्या गांवीं सारा महाराष्ट्र देवाला माउली म्हणून भेटावयास जातो, त्याच गांवीं एक मूल बापावांचून वाढत होतें, आणि बाप नव्यानें सांपडलेल्या स्वर्गीय पित्याचे गोडवे गात दुसऱ्या गांवीं राहत होता. लहान मुलांवर आणि फुलांवर कविता लिहिणारा हा कवि स्वतःच्या मुलापासून दूर राहिला, ही गोष्ट त्याच्या कोणत्याहि चाहत्यानें सौम्य करून सांगूं नये.

आईबाप किंवा मुलेंबाळें यांच्यावर गुरूपेक्षां अधिक प्रीति करणारा शिष्य गुरूला योग्य नव्हे, अशा आशयाचें एक वचन शुभवर्तमानांत आहे, आणि टिळकांच्या बाजूनें तें पुढें करतां येईल. पण तें वचन सोडावयास सांगतें. न सांगतां सोडावें असें तें म्हणत नाहीं. पत्नीला विश्वासांत न घेतां उचललेल्या त्या पावलांत, ज्या बापापासून टिळक पळाले त्याच्याच स्वभावाचा थोडा अंश होता, असें म्हणणें भाग आहे. घरांतील पुरुषानें ठरवावें आणि इतरांनीं सोसावें, ही रीत धर्म बदलल्यानें एका दिवसांत बदलत नाहीं.

ती बदलली, पण हळूहळू, आणि तिच्या बदलण्यांतच टिळकांचें खरें शिष्यत्व दिसतें. पुढील वर्षांत त्यांनीं पत्रें लिहिलीं, आर्जवें केलीं, वाद घातले, रागावलेहि. पण जबरदस्ती केली नाहीं. तत्कालीन समाजांत बायकोवर आणि मुलावर आपला हक्क सांगण्यास नवऱ्याला कोणी शिकवावें लागत नसे. अखेर लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपल्या अटींवर आल्या. त्यांची चूल निराळी आणि त्यांचें सोंवळें निराळें. ज्यानें स्वतः जातपात टाकली होती, तो नवरा बायकोच्या पाण्याच्या हंड्याला हात न लावण्याची खबरदारी घेत राहिला. मग जातिभेद हा देवाचा नसून माणसांनीं केलेला आहे, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना एके दिवशीं आपल्याच विचारानें पटली. त्यांनीं ती लगेच कृतींत आणली, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याला तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं.

लूकच्या शुभवर्तमानांत उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आहे. त्यांतला बाप मुलाच्या मागें माणसें धाडीत नाहीं, त्याला बांधून आणीत नाहीं. तो वाटेकडे डोळे लावून बसतो आणि मुलगा दूर दिसतांच धांवत सुटतो. टिळकांच्या घरांत या दृष्टान्ताची मोठी विलक्षण उलथापालथ झाली. घर सोडून गेलेला होता तो बाप, आणि वाट पाहत बसलाहि तोच. घरीं राहिलेल्या बायकोनें आणि मुलानें त्याच्याकडे यावें, पण आपल्या पायांनीं यावें, एवढें तो या पांच वर्षांत शिकला. देवाचें प्रेम माणसाच्या संमतीची वाट पाहतें, हें ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील सिद्धान्त म्हणून वाचणें निराळें, आणि हंड्याला हात न लावतां शिकणें निराळें.

नगरच्या त्या घराचें वर्णन करावयाचें तर तें घर कमी आणि धर्मशाळा अधिक होती. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें टिळक घरीं आणीत, आणि त्यांच्या जेवणाची चिंता लक्ष्मीबाईंवर सोंपवून मोकळे होत. हातांत आलेला पैसा घरापर्यंत पोंचेलच अशी खात्री नसे. त्यावरून भांडणें होत, आणि तीं ‘स्मृतिचित्रें’त मोठ्या रंगानें आलीं आहेत. टिळकांचा राग वडिलांवर गेला होता. तो क्षणांत चढे, फरक एवढाच कीं तो तितक्याच लवकर उतरे, आणि उतरल्यावर आपलें चुकलें हें कबूल करण्याची त्यांना लाज वाटत नसे. कल्याणच्या घरांत ही दुसरी गोष्ट कधीं घडली नव्हती. बापाकडून मुलाकडे क्रोध आपोआप उतरतो. क्षमा मागण्याची संवय मात्र कोठून तरी नव्यानें आणावी लागते.

त्या घरांत आलेल्या मुलांपैकीं एकाचें नांव सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें, त्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलानें सभा जिंकली आणि ‘बालकवि’ हें नांव मिळविलें. पुढें टिळकांनीं त्यांना नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्यांचे रुसवेफुगवे आणि लहरी त्या घरानें सांभाळल्या, आणि त्यांच्या कवितेला एका वडीलधाऱ्या कवीची माया लाभली. मिशनमधील एका ख्रिस्ती उपदेशकाच्या छायेखालीं राहूनहि ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला, त्या वेळीं ते तिशीच्या आंतच होते. टिळकांनीं या मुलावर केलेल्या प्रेमाला कोणताहि हिशेब नव्हता. उपदेशकाच्या प्रेमाविषयीं जो संशय शहाणे लोक नेहमीं घेतात, त्याला याहून चांगलें उत्तर टिळकांच्या चरित्रांत शोधूनहि सांपडणार नाहीं.

हा कवि देवाला पिता तर म्हणेच, पण ख्रिस्ताला त्यानें माय म्हणूनहि हांक मारली. वारकरी संतांची ‘माउली’ त्यानें बाप्तिस्म्याच्या पाण्यांत सोडून दिली नाहीं, ती बरोबर आणली. कांहीं सनातनी ख्रिस्ती बांधवांना हें संबोधन प्रथम चमत्कारिक वाटलें असेल. पण जानकीबाईच्या मुलाला निर्व्याज प्रेमाचें पहिलें रूप आईचेंच दिसलें होतें, आणि तुकोबांच्या भाषेंत वाढलेल्याला त्यासाठीं शब्द शोधण्याची गरज नव्हती. ‘केवढें हें क्रौर्य!’ ही त्यांची कविता शाळेंत शिकलेल्यांना घायाळ होऊनहि पिलांकडे ओढ घेणारी ती पक्षीण आठवत असेल. टिळकांच्या देवांत बापाचा अधिकार आहे, पण काळीज त्या पक्षिणीचें आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यांत जागा होती. संन्यास घेतला, पण या खेपेस घर टाकलें नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

आतां त्या दत्तूची गोष्ट. वडिलांमागें देवदत्त नारायण टिळक यांनीं त्यांचें चरित्र सिद्ध करण्याच्या हेतूनें आईला आठवणी लिहावयास लावलें. लक्ष्मीबाईंचें शिक्षण बेताचें, लिहिण्याची संवय थोडी. त्या बोलत तसें लिहीत गेल्या. त्या आठवणी प्रथम मासिकांतून आणि १९३४ पासून भागाभागांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांत टिळकांचा विसरभोळेपणा आहे, उधळेपणा आहे, संताप आहे आणि १८९५ सालचा तो घावहि आहे. पुत्राच्या मनांत असतें तर वडिलांच्या कीर्तीला बाधक अशीं पानें गाळणें त्याला अवघड नव्हतें. दिवंगत बापाचीं चरित्रें लिहिणारे पुत्र आपल्याकडे बहुधा तसेंच करतात. देवदत्तांनीं तीं पानें राहूं दिलीं. लहानपणीं चार-पांच वर्षें ज्याला बाप नव्हता, त्यानें बापाचें खरें चित्र लोकांपुढें ठेवलें, आणि तें वाचून टिळकांवरचें लोकांचें प्रेम वाढलेंच. पुढें या ग्रंथाच्या पाठाची चिकित्सा करून त्याची अभिनव आवृत्ति काढण्याचें काम नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं केलें.

एक काम टिळक अर्धवट टाकून गेले होते. ख्रिस्ताचें समग्र चरित्र ओंवीबद्ध करावयाचें, या उमेदीनें १९०९ सालीं त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें, पण दहा-अकरा अध्यायांपुढें लेखणी गेली नाहीं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानें जिचा संसार मोडला होता, त्या लक्ष्मीबाईंनीं उतारवयांत तें काम हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या गेल्या. ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा शेवटचा अध्याय देवदत्तांनीं लिहिला आहे.