'फाइन' म्हणजे नक्की काय?

कसे आहात? थांबा, उत्तर मीच सांगतो. 'फाइन!' बरोबर ना?

परवा मित्राचा मेसेज आला, 'फाइन बसला रे!' हेल्मेट नव्हतं, ई-चलन आलं. मी विचारलं, 'बाकी कसा आहेस?' तर म्हणतो, 'फाइन!' एकाच चॅटमध्ये शब्द एकच, एकदा दंड आणि एकदा मजेत. हे कसं काय?

दोन्हींचं मूळ एकच आहे, लॅटिन 'फिनिस'. अर्थ शेवट किंवा सीमा. 'फिनिश' आणि 'फायनल' हे त्याचेच भाऊबंद. 'इन्फिनिट' म्हणजे ज्याला अंत नाही ते. 'डिफाइन' करणं म्हणजे अर्थाला कुंपण घालणं.

मग 'छान' कुठून आलं? आपण 'कमालीचं सुंदर' म्हणतो ना? कमाल म्हणजे वरची हद्द. तसंच फाइन म्हणजे गुणाचा शेवटचा टप्पा. म्हणूनच सोन्याच्या शुद्धतेला इंग्रजीत 'फाइननेस' म्हणतात. पुढे सुबक, नाजूक असं करत करत तो 'बारीक'पर्यंत पोचला. लोनच्या कागदावरचं, आपण कधीच न वाचलेलं 'फाइन प्रिंट' त्यातलंच.

आणि दंड? जुन्या काळी पैसे भरून प्रकरण मिटवायचे. मिटलं म्हणजे शेवट झाला, म्हणून त्या पैशांना फाइन. 'फायनान्स'सुद्धा याच घरातला, मुळात देणं चुकतं करून हिशोब संपवणं. गंमत बघा, आपला 'दंड' मात्र काठीवरून आलाय. त्यांना मिटलेलं प्रकरण दिसलं, आपल्याला काठी!

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट आठवली. माझी नोकरी गेली होती, तेव्हा दोन महिने मी घरी सांगितलंच नव्हतं. आई रोज फोनवर विचारायची, 'कसा आहेस?' मी म्हणायचो, 'फाइन.' की विषय संपला. शब्द आपलं जुनं काम चोख करत होता. शेवट!

एके दिवशी आईने विचारलं, 'फाइन म्हणजे काय रे? जेवलास का, ते सांग.'

मग मात्र सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं बोललो.

तर आज कुणी 'फाइन' म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका. जेवलास का, विचारा. भेटू पुढच्या भागात!