लेन्स प्रोफाइल आणि ताऱ्यांची साक्ष



अमिरातीत राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे बुर्ज खलिफाचा एक तरी फोटो असेलच. वाइड अँगल लेन्सच्या चौकटीत ८२८ मीटरचा तो मनोरा कडेला गेला, की कमानीसारखा वाकतो. संगणकावर ‘लेन्स प्रोफाइल’च्या चौकोनात टिचकी मारली, की सरळ होतो. मग हाताला सवय लागते, आणि अल ऐनच्या दक्षिणेला अल कुआच्या वाळवंटात टिपलेल्या आकाशगंगेवरही तीच टिचकी पडते. माझं आजचं म्हणणं असं, की आकाशाच्या फोटोत दुरुस्ती मोजून करावी, एकदाच करावी, आणि तिची साक्ष ताऱ्यांकडून घ्यावी.

आधी प्रोफाइल म्हणजे काय ते पाहू. भिंगाच्या मध्यापासून कडेकडे जाताना प्रतिमेचं वर्धन बदलत जातं. कडेला ते घटलं तर चौकट पिंपासारखी फुगते, वाढलं तर उशीसारखी आत ओढली जाते. भिंगांच्या विकृतीच्या गणिती मांडणीत कॉनरॅडी यांनी १९१९मध्ये भर घातली, ब्राउन यांनी १९६६मध्ये ती पुढे नेली. प्रोफाइल म्हणजे अशा सूत्रातले मोजके सहगुणक. अडोबीकडे त्यांचा संग्रह आहे, लेन्सफन नावाचा एक मुक्त संग्रहही आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. आकाशगंगेसाठी अनेकांच्या आवडीची सॅमयांगची १४ मिलिमीटर, एफ २.८ लेन्स घ्या. तिची विकृती साधी पिंपाची नाही, लाटेसारखी आहे. शिवाय तिच्या जुन्या, चिप नसलेल्या आवृत्तीत लेन्सचं नाव फाइलमध्ये येतच नाही. मग आपण यादीतून जवळपासचं नाव निवडतो. दुसरं असं, की प्रोफाइल बहुधा काही अंतरावरच्या छापील तक्त्यावरून बनतं. विकृती फोकसच्या अंतरानुसार बदलते, आणि आपला फोकस तर अनंतावर असतो. म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालून चंद्र पाहिल्यासारखं होतं. दिसतं, पण नंबर आपला नसतो.

आता आकाशाला नेमकं काय हवं? आकाशात भिंती नाहीत. ‘सरळ रेषा सरळ’ ठेवणारी निर्दोष लेन्ससुद्धा गोलाकार आकाश सपाट सेन्सरवर पसरवताना कोपऱ्यातली नक्षत्रं ताणतेच. १४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये फुलफ्रेमच्या टोकाच्या कोपऱ्यात, मध्यापासून सुमारे ५७ अंशांवर, हा ताण केंद्राच्या दिशेनं तिपटीहून जास्त होतो. ती लेन्सची चूक नाही, प्रक्षेपणाचा हिशेब आहे. म्हणून एकच फोटो असेल आणि त्यात क्षितिज नसेल, तर प्रोफाइल लावलं काय, न लावलं काय, फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फोटो एकावर एक जुळवून एक फोटो करण्यात. साध्या ट्रायपॉडवरून २० सेकंदांचे १०० फोटो काढले, की अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात आकाश सुमारे ८ अंश सरकतं. मधला तारा ३००हून जास्त पिक्सेल पुढे जातो, आणि जाता जाता विकृतीच्या वेगवेगळ्या भागांतून जातो. तेच नक्षत्र पहिल्या फोटोत एका आकाराचं, शेवटच्यात दुसऱ्या. नुसतं सरकवून आणि फिरवून ते जुळत नाहीत. मध्यभाग टोकदार येतो, कोपरे पुसट होतात.

यावरचा उपाय आपल्या महाराष्ट्राशी नातं सांगतो. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते. याच कॅम्पबेल यांनी १९२२च्या खग्रास सूर्यग्रहणात ऑस्ट्रेलियातल्या वॉलल इथून आइन्स्टाइनचं भाकीत तपासलं, की सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो. सूर्याच्या कडेला तारा १.७५ विकला सरकलेला दिसायला हवा होता. एवढं सूक्ष्म मोजायचं तर लेन्सचे दोष आधी बाजूला काढायला हवेत. म्हणून ग्रहणात सूर्यामागे येणारा आकाशभाग त्याच कॅमेऱ्यांनी काही महिने आधी ताहितीहून रात्री टिपून ठेवला होता. लेन्सची परीक्षा खुद्द ताऱ्यांनी घेतली.

आज आपल्याला ताहिती गाठायला नको. गाया उपग्रहाच्या यादीत १८० कोटींच्या आसपास तारे आहेत. पिक्सइनसाइट किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर फोटोतले तारे अशा यादीशी जुळवतात आणि विकृती तिथल्या तिथे मोजतात. त्यासाठीची एसआयपी ही बहुपदी पद्धत मूळची स्पिट्झर अवकाश दुर्बिणीसाठीची. ती मोजणी आपल्याच लेन्सची, आपल्याच फोकसची, त्याच रात्रीची असते.

मात्र क्रम पाळा. आधी कच्च्या फाइलवर डार्क (लेन्सवर झाकण ठेवून काढलेला फोटो) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो) लावा. इथल्या बारीक धुळीचे सेन्सरवरचे डाग फ्लॅटनंच निघतात. प्रोफाइलला त्यांचा पत्ताही नसतो. फ्लॅट कोपऱ्यांचा अंधारही काढतो. त्यावर प्रोफाइलमधली अंधार-दुरुस्ती चालू राहिली तर कोपरे मध्यापेक्षा उजळ होतात, आणि फोटोचा कॉन्ट्रास्ट ताणल्यावर कधी कधी एककेंद्री वर्तुळं उमटतात. मग विकृतीची दुरुस्ती आणि जुळणी एकाच फेरीत करा, कारण प्रत्येक फेरीत पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि बारकावा झिजतो. कोपऱ्यातले पंख फुटलेले तारे मात्र कोमा या भिंगदोषाचे; ते कुठल्याच प्रोफाइलनं सुधारत नाहीत. तिथे छिद्र एफ ४पर्यंत लहान करणं बरं.

आणखी एक फरक क्षितिजाजवळ पडतो. ऑगस्टअखेर इथले लोक सुहैल ताऱ्याची वाट पाहतात. तो आपला अगस्ती. दुबईहून तो जेमतेम १२ अंश वर चढतो, आणि तिथे वातावरण त्याला सुमारे साडेचार कला उचलून दाखवतं. प्रोफाइल भिंगाचं असतं, हवेचं नसतं. ताऱ्यांवरून केलेली मोजणी हा फरकही बराचसा सामावून घेते.

तेव्हा पुढच्या अमावास्येला एक काम करा. तेच फोटो एकदा प्रोफाइल लावून आणि एकदा न लावता जुळवा, आणि कोपऱ्यातले तारे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्या दुरुस्तीनं तारे टोकदार होतात ती ठेवा. बाकीच्या चौकोनांतल्या खुणा काढून टाका, मग त्या सॉफ्टवेअरनं स्वतःहून केलेल्या का असेनात.