मनातले मांडे आणि पानातले मांडे

‘मनातले मांडे खाणे’ हा वाक्प्रचार मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पण खरा मांडा ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे, अशी माणसे आता थोडीच सापडतील. बेळगावची गोष्ट मात्र निराळी आहे. मांडे, कुंदा आणि करदंट ही नावे घेतल्यावाचून त्या भागातील खाण्याची गोष्ट पुरीच होत नाही.

बेळगावात रोटरी क्लबतर्फे ‘अन्नोत्सव’ या नावाची खाद्यजत्रा भरत आली आहे. अशा जत्रेत शिरणाऱ्याची पहिली अडचण ही, की खावे काय आणि सोडावे काय? निरनिराळ्या प्रांतांचे पदार्थ ओळीने मांडलेले असतात. पोट एकच, खिसाही एकच! अशा वेळी एक साधा नियम उपयोगी पडतो. जे कोणत्याही शहरात मिळते, ते शेवटी. जे याच मातीतले, ते प्रथम.

आरंभ अर्थातच ज्वारीच्या भाकरीने व्हावा. भाकरी, झुणका, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि लाल मिरचीचा ठेचा, एवढ्यावर शेतकऱ्याचे ताट सजते. हेच ताट शेजारच्या कानडी बाईने वाढले, तर ती भाकरीला ‘रोट्टी’ म्हणेल, वांग्यांना ‘एण्णेगायी’ आणि ठेच्याला ‘रंजका’. झुणका मात्र तिच्याही तोंडी झुणकाच! शेंगांचेही तसेच आहे. दक्षिण कर्नाटकात भुईमुगाच्या शेंगांना ‘कडलेकायि’ म्हणतात. पण बेळगाव-धारवाडकडचा कानडी माणूस मराठी माणसाप्रमाणेच सरळ ‘शेंगा’ म्हणतो. शब्द कोणाचा कोणी घेतला, याचा हिशेब पंडितांनी करावा. जेवणाऱ्याने चटणी घ्यावी.

त्यानंतर तांबडा रस्सा. तो कोल्हापूरचा म्हणून सर्वत्र गाजलेला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु कोल्हापूरच्या घराघरांत जो कांदा-लसूण मसाला कुटला जातो, त्यातील मिरची कोठून येते? ती पुष्कळदा संकेश्वरी किंवा ब्याडगी असते. संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात, तर ब्याडगी त्याहून दूर, हावेरी जिल्ह्यात. संकेश्वरीचा तिखटपणा आणि ब्याडगीचा रंग, या दोहोंच्या जोरावर कोल्हापूरचा रस्सा आपले नाव राखून आहे. महामार्गाने कोल्हापूरहून निपाणी अवघी चाळीसेक किलोमीटर. निपाणीवरून पुढे संकेश्वर आणि मग बेळगाव. वाटेत राज्य बदलते, रस्त्यावरील पाट्या बदलतात. पण खानावळीतील रश्श्याचा झणझणीतपणा फारसा बदलत नाही.

तिखटाने तोंड पोळले, म्हणजे आंबील शोधावी. पीठ आंबवून, शिजवून, ताक घालून केलेले हे गरिबाचे पेय. कानडीत तीच ‘अंबली’ होय. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकडील हजारो भाविक बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेच्या दर्शनाला जातात. यात्रा करून ते परतले, की कोल्हापुरात रेणुकेची आंबील यात्रा भरते. तिच्या नैवेद्यात आंबील, वडी-भाकरी, वरणं-वांगं, कांद्याची पात आणि गाजर असे साधेच पदार्थ असतात. देवी कर्नाटकात, नैवेद्य महाराष्ट्रात. भाविकाला त्यात काहीच वावगे वाटत नाही.

गोडाकडे वळताना पहिला मान पुरणपोळीचा. कानडीत ती ‘होळिगे’ झाली आणि कटाची आमटी झाली ‘कट्टिन सारु’. डाळीच्या पाण्याला येथे ‘कट’ आणि तेथे ‘कट्टु’ म्हणतात. एकाच पातेल्यातून दोन भाषांनी आपापली वाटी भरून घेतली आहे, एवढाच याचा अर्थ. करंजीची तर तीन नावे. मराठी घरात दिवाळीला करंजी, कानडी घरात ‘करजीकायी’, आणि कोंकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरात नाताळाला ‘नेवरी’. सारण थोडे इकडचे तिकडे होईल. पण अर्धचंद्राचा तो आकार आणि काठाची मुरड तिन्ही घरी ओळखू येते.

कुंदा हा खास बेळगावचा. दूध आणि साखर मंद आचेवर इतका वेळ आटवावयाची, की तिला तपकिरी रंग यावा, रवाळपणा यावा आणि साखर किंचित करपल्याचा खमंग वास सुटावा. यात युक्ती अशी नाही. आहे तो केवळ धीर. करदंट घटप्रभेच्या काठच्या गोकाकचे. ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. गूळ, सुके खोबरे, काजू, बदाम आणि तुपात तळलेला डिंक यांची ती वडी, म्हणजे मराठी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवाची सख्खी बहीणच!

आणि सर्वांत शेवटी मांडा. मऊ मळलेल्या कणकेच्या गोळ्यात पिठीसाखरेचे सारण भरतात. गोळा लाटून दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत मोठा व पातळ करतात. मग उपड्या ठेवलेल्या तापल्या कढईवर तो अलगद पसरतात आणि गरम असतानाच त्याची घडी घालतात. क्षणभर उशीर झाला, की घडीऐवजी तुकडे हाती येतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मंडकांचे वर्णन आहे. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही कथा महाराष्ट्रातील मुलांना घरोघरी सांगितली जाते. कर्नाटकातील राजाचा ग्रंथ आणि महाराष्ट्रातील संताची कथा, दोहोंतही मांडा आहेच.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, ‘मग भांडण कसले?’ भांडण आहे, आणि ते खोटे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली शहराचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, कचेरीत अर्ज कोणत्या लिपीत द्यावा, हे प्रश्न पुरणपोळी वाटून सुटत नसतात. ज्याला आपल्या भाषेतील कागद हवा आहे, त्याच्या हाती कुंद्याचा पुडा ठेवणे ही थट्टाच ठरेल.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हक्कासाठी झगडणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाकरीचे नाव विसरलेच पाहिजे, असे थोडेच आहे? खाद्यजत्रेत हे शिकावयास एक संध्याकाळ पुरते. ज्याची मातृभाषा मराठी त्याने ‘होळिगे’ मागून पाहावी, ज्याची कानडी त्याने ‘पुरणपोळी’ म्हणून पाहावे. वाढणारी बाई हसेल आणि बहुधा तुपाची धार थोडी सैल सोडील. आपला शब्द दुसऱ्याने आपण होऊन उच्चारला, याचा आनंद वेगळाच असतो. तो सक्तीने मिळत नाही.

निघताना घरच्यांसाठी कुंदा आणि करदंट बांधून घ्यावे. ते प्रवासात टिकतात. मांडा मात्र जपून न्यावा लागतो, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत त्याचा चुरा होतो. म्हणून तो शक्यतो तेथेच, करणाऱ्यासमोर बसून खावा, आणि खाताना त्याच्या हातांकडे पाहावे. ते कसब पाहून पाहून आणि चुकून चुकूनच अंगी येते. सीमेच्या कोणत्याही बाजूला ते शिकणारे हात उरले नाहीत, तर दोन्ही भाषांना मनातल्या मांड्यांवरच भूक भागवावी लागेल.