जामीन कोण राहणार?

(चिंचवड येथे स्वयंसेवक व देणगीदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या आदिवासी कामाचा अहवाल पाळकसाहेबांनी दिलाच आहे. वसतिगृह, शिवणवर्ग, दवाखाना हे सगळे त्यात आले. मला त्या अहवालातल्या एका ओळीवर बोलायला सांगितले आहे. ती ओळ आहे, "बंदीजनांच्या भेटी". ओळ लहान आहे, म्हणून थोडा वेळ जास्त घेते.

तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येरवड्याचा दगडी दरवाजा येतो. पण त्याच परिसरात खुले कारागृहही आहे. शिक्षेचा काही काळ बंद कारागृहात नीट काढलेल्या, वर्तन चांगले असलेल्या बंद्यांना निवडून तिथे पाठवतात. ते शेतात काम करतात, भाजीपाला पिकवतात. पळून जायचे ठरवले तर अडवायला मोठी भिंत नाही. माणूस पळत नाही तो त्याचे घर बाहेर वाट पाहत असते म्हणून, आणि इथे केलेल्या कामाच्या प्रत्येक दिवसामागे शिक्षेतला एक दिवस माफ होतो म्हणूनही. बंद कारागृहात इतकी माफी मिळत नाही.

ही कल्पना परदेशातून आली असे काहींना वाटते. आपल्याच महाराष्ट्रात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनिअर यांनी 1939 साली ते सुरू केले. बंद्यांना जमीन कसायला दिली आणि बायकामुलांसह राहू दिले. शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. कथा गदिमांची, आणि त्यांचे माडगूळे तिथून जवळच. चित्रपटातल्या जेलरचे डोळे सगळ्यांना आठवतात. मला मात्र स्वतंत्रपुरातली ती बायकामुले जास्त महत्त्वाची वाटतात. शिक्षा चालू असताना घर मोडू नये, हा विचार त्यात आहे.

आणि इथे आपल्या मिशनच्या लोकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे ऐकावी. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यातल्या काही ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या. आंध्रातले स्टुअर्टपुरम साल्व्हेशन आर्मीकडे होते. हेतू सुधारणेचा होता, पण जन्मावरून माणसाला चोर ठरवणाऱ्या कायद्याचे दार आपल्याच लोकांनी राखले. तो कायदा 1952 मध्ये गेला. पारध्याच्या पोराकडे बघण्याची नजर अजून पुरती गेलेली नाही, हे चाकणच्या बाजारात उभे राहिले की कळते.

आता भेटींविषयी. कारागृहात भेटीला 'मुलाखत' म्हणतात. खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका ठाकरवाडीतली बाई नवऱ्याला भेटायला येते. पहाटे निघायचे, एसटीने राजगुरुनगर, तिथून पुणे, मग येरवडा. परत घरी पोचेपर्यंत रात्र. भाडे गेले, मजुरी गेली, आणि हातात काही मिनिटे. ती मला म्हणाली, "ताई, ते इचारत्यात पोरं केवढी झाली. मी म्हणते, शाळेत जात्यात. मंग दोघंबी गप." आम्ही तिच्या पोरांचे फोटो काढून दिले, शाळेच्या वहीतली चित्रे दिली. पुढच्या वेळी बोलायला काही तरी असावे एवढ्यासाठीच. कोविडच्या काळात व्हिडिओवरची ई-मुलाखत सुरू झाली, ती चांगली सोय आहे. पण ज्या वाडीत फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते, तिथे तिचा उपयोग बेताचाच.

काही जण विचारतात, भेटून काय होते? वेळ जातो, पेट्रोल जाते, बातमी तर काहीच होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपल्याला पाठ आहे, त्यामुळे उत्तर तिथेच संपते असे आपण मानतो. कायद्यातही त्याचे उत्तर आहे. शिक्षा झालेल्या माणसाला संचित रजा किंवा अभिवचन रजा, म्हणजे फर्लो किंवा पॅरोल, मागायची तर बाहेर त्याला घरात घेणारा नातेवाईक लागतो, जामीनदार लागतो, पोलिसांचा अहवाल अनुकूल लागतो. रजेवर जाऊन वेळेवर परतला की त्याची पत वाढते, आणि तशाच पत राखलेल्या माणसाला खुल्या कारागृहाची वाट मोकळी होते. ज्याला भेटायला कोणी येत नाही त्याच्यासाठी जामीनदार कोण होणार? त्याची रजा होत नाही, पत होत नाही. गुन्हा तोच, शिक्षा तीच, पण एक शेतात काम करतो आणि दुसरा बराकीत बसतो. फरक बाहेरच्या माणसांचा असतो.

खटला चालू असलेल्यांची गोष्ट तर याहून बिकट. गेल्या वर्षी चाकणजवळच्या वीटभट्टीवरचा एक कातकरी मुलगा चोरीच्या गुन्ह्यात पकडला गेला. कोर्टाने जामीन मंजूर केला आणि जामीनदार मागितला. जामीनदाराला सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला लागतो. भट्टीवर उचल घेऊन आलेल्या माणसाकडे यातले काय असणार? आई रोज नाक्यावर येऊन बसायची. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे भाडोत्री लोक असतात, त्यांच्याकडे जाऊ नका म्हणून तिला चार वेळा सांगावे लागले. जामीन मिळालेला मुलगा पाच आठवडे आतच होता.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी यावर स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्टाने आपणहून करायचा. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना काढली. तिच्यात सुरुवातीला कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत मिळू शकत होती. काही गंभीर कायद्यांखालचे आरोपी त्यातून वगळले आहेत. शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला माणूस कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे; फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही. हे सगळे कागदावर आहे. त्या मुलाच्या वतीने अर्ज कोणी केला? विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि आपल्या दोन स्वयंसेवकांनी. मग कोर्टाने जामीनदाराशिवाय जातमुचलक्यावर सोडले.

26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयातल्या कार्यक्रमात याच माणसांविषयी बोलल्या. जे आपल्या वाड्यांवर रोज दिसते ते त्यांना ठाऊक आहे.

आता जामीन राहण्याविषयी. ज्यांनी नीतिसूत्रे वाचली आहेत ते मला अडवतील, कारण परक्यासाठी जामीन राहू नको असे त्यात एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे. ते शहाणपण खोटे नाही. माणूस तारखेला आला नाही तर रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून डोळे झाकून सह्या करा असे मी म्हणत नाही. पण नव्या करारात फिलेमोनाला लिहिलेले एक पानभर पत्र आहे. पळून गेलेल्या अनेसिमाला पौल मालकाकडे परत पाठवतो, आणि त्याचे काही देणे असेल तर आपण फेडू असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. पौल तेव्हा स्वतः कैदेत होता. दोन्ही पुस्तके एकाच बायबलात आहेत. माझी समजूत अशी, की ज्याला तुम्ही सहा महिने भेटत आहात तो परका उरत नाही.

सुटल्यावर काय, हा प्रश्न आपल्या पट्ट्यात फार टोकदार आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो शेड, आणि प्रत्येक गेटवर ठेकेदार चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. शेती करून, वेल्डिंग शिकून माणूस बाहेर येतो आणि गेटवरूनच परत जातो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 रोजी येरवड्यातून 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू केली. आतमध्ये काम करणाऱ्या बंद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, ना तारण, ना जामीनदार. फेड त्याच्या तिथल्या कमाईतून. मुलाच्या फीसाठी, वकिलासाठी ते वापरता येते. एका बँकेने बंद्याच्या श्रमावर विश्वास ठेवला. आपल्यातल्या ज्यांची स्वतःची वर्कशॉपे आहेत त्यांनी जेवणाआधी मला भेटा. मला दोन माणसांसाठी काम हवे आहे. एक खुल्या कारागृहात भाजीपाल्याचे काम करून सुटला आहे, एकाला गॅस वेल्डिंग येते. त्यांची प्रकरणे काय होती ते मी खाजगीत सांगेन, लपवणार नाही.

पुढची भेट महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ठरवतो आहोत. परवानगी आधी घ्यावी लागते, म्हणून नावे आजच द्या. मूळ आधार कार्ड बरोबर हवे. मोबाइल, पैसे, खाण्याचे पदार्थ घेऊन यायचे नाही. आणि आत प्रार्थना किती वेळ घ्यायची ते कारागृहाचे अधिकारी ठरवतील, आपण नाही. वाडीवरून तिघी बाया आणि पाच मुले येणार आहेत. त्यांना राजगुरुनगरहून आणायला गाडी लागेल. गाडी कोणाची?