दुखत नाही म्हणून उपेक्षा नको
(घाटनांदूर येथे महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी रोगाची गोष्ट कशास, असे कोणास वाटेल. परंतु मूत्रपिंडरोपण, संधिवात अथवा त्वचेचा जुनाट विकार यांकरिता वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन वा तत्सम गोळ्या घेणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांच्याकरिता हे दोन शब्द.

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरास परके वाटते व शरीर त्याजवर चालून जाते. ते टाळण्याकरिता औषधाने शरीराच्या पहारेकऱ्यांस निजवावे लागते. मूत्रपिंड वाचते, परंतु दार उघडे राहते. माती, कुजका पाला, काटेकुटे यांवरील जी बुरशी धडधाकट मनुष्यास सहसा बाधत नाही, ती अशांच्या कातडीत घर करते. २०२१ साली कोविडच्या साथीत मधुमेह व स्टेरॉइड यांची गाठ पडली, तेव्हा म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हजारोंस ग्रासले. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे प्राण गेले. ती बुरशी बहुधा नाकावाटे शिरली. जखमेवाटेही ती शिरू शकते.

माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्यास पत्नीने आपले मूत्रपिंड दिले. पुढे त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला व तेथे सुपारीएवढी गाठ आली. ना ठणका, ना ताप. “गळू असेल, बसेल,” असे मीही म्हणालो, याची मला आज खंत वाटते. सहा महिन्यांनी गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा म्युकरहून निराळी, गडद रंगाची बुरशी निघाली. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने औषध घ्यावे लागले. पाय मात्र वाचला.

ठणका व ताप हीच पहारेकऱ्यांची हाक होय. तेच निजलेले असता हाक कोण देणार? सबब अशा रोग्याने गाठ, फोड वा न भरणारी जखम दिसताच डॉक्टरांकडे जावे, गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी व तुकडा तपासण्याविषयी विचारावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपणांस जवळच आहे. दुकानातून मनाने मलम आणू नये. त्यात स्टेरॉइड असू शकते. शेतात अनवाणी जाऊ नये. आणि भीतीपोटी गोळ्या आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. त्यायोगे मूत्रपिंड जाईल, प्रसंगी प्राणही.

त्या माउलीने आपल्या देहातून दान दिले. ते दान जपणे हेही आपले कर्तव्यच होय.