शस्त्रक्रियेनंतर हृदयाचा ताल

कुंभकोणम् नजीकच्या तिरुप्पनंदाळसारख्या गावातील एखादा वृद्ध हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दूरच्या शहरी जातो. तमिळनाडूत ही सोय नवी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९६० च्या दशकाच्या आरंभीच उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, आप्तांचा जीव भांड्यात पडतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास नाडी एकाएकी वेगाने व अनियमितपणे धावू लागते. शस्त्रक्रिया फसली, अशी घरच्यांची समजूत होते. बहुधा ती चुकीची असते. बायपासनंतर दर तीन-चार रुग्णांमागे एकाला हा विकार होतो; झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर प्रमाण अधिकच असते.

याचे कारण एकच नसते. भूमी आधीच तयार झालेली असते. वाढत्या वयात कर्णिकांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतींत तंतुमय ऊती वाढते. बालपणी झालेल्या सांधेज्वरामुळे पुढे झडप अरुंद झाली असेल, तर डावी कर्णिका फुगते. अशा भिंतीतून विद्युत्-आवेग सरळ न जाता भरकटतो. शस्त्रक्रिया तेथे ठिणगीचे काम करते. कर्णिकेवरील छेद, हृदयावरणाचा दाह, शरीरावरील ताणाने वाढलेले अॅड्रिनॅलिन, रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियमची घट, पूर्वी चालू असलेले बीटा-रोधक औषध अकस्मात थांबणे, यांपैकी अनेक कारणे एकाच वेळी एकत्र येतात.

काही वेळा नाडी उलट मंदावते. महाधमनीच्या झडपेच्या अगदी शेजारून विद्युत्-वाहक तंतूंचा जुडगा जातो. झडप बदलताना तो सुजला वा दुखावला, तर वरचा आवेग खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच हृदयावर तात्पुरत्या तारा बसवून ठेवतात. तंतू सावरले नाहीत, तर कायमचा पेसमेकर लागतो.

खरा धोका निराळाच आहे. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळते, आणि त्याची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. औषधांनी अथवा विजेच्या धक्क्याने ताल पूर्ववत आणता येतो. गरजेनुसार रक्त न गोठण्याचे औषधही देतात. बहुतेकांचा ताल काही आठवड्यांत स्थिरावतो. परंतु तोवर रुग्ण रुग्णालयापासून दूर, आपल्या गावी परतलेला असतो. बरे वाटू लागले म्हणून त्याने डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नये. नाडी पाहण्यास घरातील एकाने तरी शिकून घ्यावे. धडधड, धाप वा घेरी आल्यास तत्काळ जवळचे रुग्णालय गाठावे; बोलणे अडखळले वा हातपाय लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब लावू नये.