नवा योगशिक्षक : अध्यापनाची पथ्ये



योगाच्या अध्यापनाचा विचार वडोदऱ्यात करावयाचा म्हटला, की स्वामी कुवलयानंदांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव; जन्म १८८३ सालचा, डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी वडोदऱ्यातच, जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगविद्येचा लाभ झाला. १९२०-२१ च्या सुमारास येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान बंध आणि नौली यांचे शरीरावर होणारे परिणाम तपासले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. गुरूंवर पूर्ण श्रद्धा असूनही, गुरूंकडून मिळालेली क्रिया तपासून पाहणे त्यांना अनुचित वाटले नाही. नव्या योगशिक्षकाने त्यांच्यापासून घ्यावयाचा पहिला पाठ तो हाच. जे शिकवावयाचे, त्याचा परिणाम काय होतो हे पाहण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची असते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केल्यानंतर योगवर्गांची मागणी वाढली. प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र हाती आलेला तरुण शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात उभा राहतो, तेव्हा समोर वीस-पंचवीस माणसे असतात. त्यांत गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या आजी असतात, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे निवृत्त गृहस्थ असतात, दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडलेला कर्मचारी असतो आणि पहिल्याच आठवड्यात शीर्षासन करू पाहणारा महाविद्यालयीन विद्यार्थीही असतो. प्रशिक्षणात आसने शिकवलेली असतात. ही माणसे मात्र तेथे भेटलेली नसतात. म्हणून पहिले पथ्य असे, की शिकवण्यापूर्वी विचारपूस करावी. प्रत्येकाचे वय, पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे यांची नोंद एका वहीत असावी. ही माहिती चारचौघांत विचारू नये, एकांतात विचारावी. आणि ती वहीही शिक्षकापाशीच राहावी.

या नोंदीवरून काय टाळावयाचे ते ठरते. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ज्याला काचबिंदू आहे, त्याला शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने देऊ नयेत. कपालभातीसारखी जोरकस क्रिया आणि दीर्घ कुंभक हेही रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांसाठी वर्ज्य समजावे. मणक्याची चकती सरकलेली असल्यास पश्चिमोत्तानासनाचा आग्रह धरू नये. गर्भवती स्त्रीला पोटावर झोपून करावयाची आसने आणि पोटाच्या क्रिया सांगू नयेत. तिच्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने स्वतंत्र क्रम आखावा. जेथे शंका असेल तेथे डॉक्टरांचे मत घेऊन येण्यास सांगावे. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करण्याचा सल्ला शिक्षकाने कधीही देऊ नये. असा सल्ला मानून एखाद्याने गोळ्या सोडल्या, तर होणारी हानी कोणत्याही आसनाने भरून येत नाही.

वर्गाचा क्रम साधा असावा. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, एवढी सूचना आदल्या दिवशीच द्यावी. आरंभी सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली, नंतर उभ्याने, बसून, पोटावर आणि पाठीवर करावयाची थोडी आसने, त्यानंतर श्वसनाचा अभ्यास आणि अखेरीस शवासन. वेळ अपुरा पडला, की पुष्कळ शिक्षक शवासनालाच कात्री लावतात. तसे न करता एखादे आसन कमी करावे. पण शवासनाची पाच-दहा मिनिटे राखून ठेवावीत. प्राणायामात प्रथम सहज पूरक आणि सहज रेचक, मग हळूहळू रेचकाचा कालावधी वाढवणे, असा मार्ग सुरक्षित आहे. अयोग्य रीतीने केलेला प्राणायाम रोगांना कारण होतो, असा इशारा हठप्रदीपिकेने दिलेला आहे. ग्रंथकारालाच एवढी चिंता वाटली असेल, तर नव्या शिक्षकाने घाई करण्याचे कारण नाही.

सूचना देण्याची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वाक्य लहान असावे. आधी कोणता अवयव ते सांगावे, मग त्याची दिशा, मग श्वास. विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभे राहिल्यास ‘उजवा हात’ म्हणताना शिक्षकाने स्वतःचा डावा हात उचलावा, म्हणजे समोरच्यांचा गोंधळ होत नाही. प्रात्यक्षिक एकदा नीट करून दाखवावे आणि नंतर वर्गातून फिरावे. सतत स्वतःच आसने करीत राहणाऱ्या शिक्षकाला वर्ग दिसत नाही. पाहावयाचे ते चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे. जबडा आवळला, श्वास अडकला, पाय थरथरू लागले, की त्या व्यक्तीला आसनातून सावकाश बाहेर आणावे. पतंजलींनी आसनाला स्थैर्य आणि सुख अशा दोन्ही कसोट्या लावल्या आहेत. त्यांतील दुसरी कसोटी वर्गात सहज विसरली जाते. हाताने आसन सुधारावयाचे असल्यास आधी अनुमती घ्यावी. आसन तोंडी सांगून सुधारत असेल, तर स्पर्श टाळणेच उत्तम.

वर्गात तुलना करू नये. पायाचे अंगठे धरणाऱ्या तरुणाचे कौतुक झाले, की शेजारच्या साठीच्या बाई पुढच्या वेळी कंबरेला हिसका देऊन तेथवर पोहोचण्याचा प्रयत्न करतात. त्यांना गुडघ्यांपर्यंतच हात नेऊन थांबण्यास सांगणे आणि तेवढ्यावर समाधानी राहण्यास शिकवणे, हे अधिक अवघड अध्यापन आहे. जाणता ग्रंथपाल वाचकाची तयारी पाहून पुस्तक काढून देतो. कपाटातील सर्वांत जाड ग्रंथ प्रत्येकाच्या हाती ठेवत नाही. शिक्षकाचा विवेकही त्याच जातीचा असावा.

शेवटची गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या साधनेची. वर्ग वाढू लागले, की सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांना शिकवण्यात जाते आणि स्वतःचा अभ्यास मागे पडतो. दिवसातला काही वेळ तरी त्याने विद्यार्थी म्हणून सतरंजीवर घालवावा, आणि ज्येष्ठ शिक्षकाच्या वर्गात अधूनमधून मागच्या रांगेत बसावे. ग्रंथालयातील योगविषयक कपाटाकडेही त्याची पावले वळत राहावीत. एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ‘पाहून सांगतो’ असे म्हणावे, आणि पुढच्या वर्गाला येताना ते खरोखर पाहून यावे.